गांजाचं खालचं पान

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी सध्या इंग्लंडमध्ये, मेडनहेडच्या बाहेर एका काचघरात गांजा वाढवते. दचकू नका. रीतसर परवाना आहे. त्याचं औषध होतं, दुखण्याने जीव नकोसा झालेल्या माणसांसाठी.

कृषी कॉलेजच्या शेडमध्ये मी पिवळ्या टोमॅटोला युरिया घालायला निघाले होते, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात धरलात. "पिवळं दिसलं की खत? आधी सांग, कुठलं पान पिवळं झालंय? जुनं की नवं?" मला रडूच कोसळलं होतं.

या वसंतात आमच्या एका अख्ख्या काचघरातली झाडं खालून पिवळी पडायला लागली. कळ्या धरायच्या आधी सावरली नसती, तर सगळी बॅच फेकावी लागली असती. आमचा हेड ग्रोअर, म्हणजे लागवडीचा प्रमुख, भला माणूस, पण पुरता घाबरलेला. "नायट्रोजन वाढव," म्हणाला. मी खाली बसते, एक जुनं पान उजेडात धरते. शिरा हिरव्यागार, मधली जागा तेवढी पिवळी. नायट्रोजन कमी असता तर अख्खं पान फिकं झालं असतं. इथे कमी होतं ते मॅग्नेशियम! पण खताच्या टाकीत तर ते भरपूर होतं. म्हणून कुंडीतून झिरपणारं पाणी तपासलं, तर भलतंच आम्ल. ताट वाढलेलं होतं, मुळांना घासच उचलता येत नव्हता.

"खत वाढवायचं नाही," मी म्हणाले. "उलट कुंड्या धुऊन काढू."

"शुअर?"

"हो. चुकलं तर माझं नाव सांगा."

पीएच दुरुस्त केलेलं पाणी सोडलं, पानांवर एप्सम सॉल्टचा, म्हणजे मॅग्नेशियमच्या क्षाराचा, हलका फवारा मारला, आणि वाट पाहिली. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून मी वरच्या पानांवरच डोळा ठेवून होते. पिवळेपणा वर चढायचा थांबला. मग नवी पानं फुटली, रुंद, गर्द, तकतकीत. पुढे बॅच तपासणीत पास झाली, तेव्हा हेड ग्रोअरने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "यापुढे पान पिवळं दिसलं की खताला हात लावायचा नाही. आधी हिला बोलवायचं." मॅडम, त्या दिवशी मी दोन रांगांमधून अशी चालले, जशी काही गड जिंकून आले आहे!

हे पाठवणार कुठे? पण एक सांगून टाकते. आईला मी फक्त 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलंय. कुठली, हे तिने विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढत नाही.