सगळे सामने आपल्याच गावात

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. डेन्व्हरला बर्फ पडायला लागलाय. पण आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं वेळापत्रक बघून डोकं फिरलं. लीगआधीचे सगळे सामने आपल्याच गावात, तेही लिंबूटिंबू संघांशी? मग असल्यांना हरवून मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेसाठी आपल्याला कोण विचारणार?

लोर्नाताई सांगत होती, न्हाव्याच्या दुकानात तुम्ही कोचची बाजू घेऊन भांडलात. म्हणे, "जिंकलं म्हणजे जिंकलं." तुम्ही? जन्मभर असल्या सामन्यांना नावं ठेवणारा माणूस?

दर डिसेंबरला संघ इकडे खेळायला यायचा आणि त्याच्यामागून गाडी हाकत तुम्ही. यंदा तो सामनाच नाही, आणि तुम्ही खूश.

बाबा, गाडी चालवताना गुडघा फार दुखतो का?

गावातला एखादा फालतू सामना तुमच्याबरोबर बघायला यंदा मीच तिकडे येतो. टाळ्या मात्र वाजवणार नाही.

तुमचा चिडलेला,
वेंडेल