टोपी आणि भांडणाचं गाणं

रविवार, दुपार

वन्सं, नमस्कार.

नाही, टोपी हरवलेली नाही. तुमच्या भावाची टोपी सुखरूप आहे. माझी तब्येतही ठणठणीत. डोकं तेवढं तापलंय, ते तुमच्यामुळे.

काल गाणमंडळात जलशाची गाणी निवडायला बसलो. ऑपेरातली, हलक्याफुलक्या ऑपेरेटातली, दोघांनी मिळून म्हणायची. लोक शिट्ट्या मारतील अशीच हवीत, कारण गेल्या खेपेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मास्तरांनी माझ्यापुढे काय ठेवावं? मरणाऱ्या नवऱ्याचा निरोप घेणारी बाई. म्हणे, "तुम्ही गायलात तर सगळं थिएटर रडेल." मी म्हटलं, रडायला लोकांना घर आहे की.

मी आमचं भांडणाचं गाणं मागितलं. त्यात नवरा घर सोडून निघालेला, मी त्याची टोपी पळवते, टेबलाभोवती पळापळ, आणि शेवटी दोघं एका सुरात. तुमचा भाऊ आणि मी सुरू झालो की पुढच्या रांगेतले म्हातारे कवळ्या सांभाळायचे. तर मास्तर जमिनीकडे बघायला लागले. खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं, की तुम्ही त्यांना फोन केलात. वहिनीला ते गाणं देऊ नका, तिला सोसायचं नाही.

मला काय सोसतं ते मला विचारायचं होतंत. तुमच्या भावाचं आजारपण सोसलं, ते गेल्यावर तुमचा महिनाभराचा मुक्कामही सोसला. तेव्हापासून सगळे माझ्याशी झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसं बोलतात. घरात टोमणा मारायला माणूस नाही, कळतंय का? मोठ्याने भांडायची ती एक जागा उरली होती, तीही तुम्ही मायेने बंद करायला निघालात. एवढी माया तुमच्या सुनेला द्या, तिला कधी मिळालेली नाही.

मास्तरांना सांगितलं, ते गाणं नसेल तर मीही नाही. मिळालं.

आता टोपी. तुम्हाला ती आठवण म्हणून कपाटात ठेवायचीय. पाठवणार नाही. ती आमच्या मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांच्या डोक्यावर आहे, मीच घातली. जरा घट्ट होते. शेवटचा पेशंट गेला की आम्ही त्यांच्या त्या खुर्चीभोवती पळून तालीम करतो. ते तुमच्या भावापेक्षा सुरात गातात. आणि मला आवडतात.

जलशाला या. पुढच्या रांगेत जागा धरून ठेवते.

तुमची, अजून तरी,
वहिनी