माशाचं पान

प्रिय चिमे,

पुढच्या आठवड्यात येतेयस हे आधी कळवलंस, फार बरं केलंस. बाबांना सांगितलं. म्हणाले, येऊ दे, पण ओली छत्री घेऊन आत नको. तू अजून घरातून निघालीही नाहीस आणि तुझ्या छत्रीची धास्ती इथे सुरू झाली आहे! दुपारची वेळ आहे, ते झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. उघडता येईल अशी घरात ही एकच खिडकी उरलीय, तीही वीतभर. तू मागे येऊन गेल्यावर बाकीच्या खिडक्यांना पडद्यामागून फळ्या ठोकून घेतल्या. उन्हाने रंग उडतात, दमट हवेने कागद फुगतो, हे मी तुला काय सांगणार? आपण दोघी त्या वाक्यावरच मोठ्या झालो. तू वेळेवर पळालीस, एवढाच फरक.

माझा दिवस कसा जातो ते विचारलंस. उठल्यावर भिंतीवरच्या यंत्रात हवेचा दमटपणा बघायचा. मग हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा पुसायचे. हातमोजे चालत नाहीत, त्यांनी पानाची कड बोटाला कळत नाही. मग काचेच्या पेटीतल्या प्रत्येक हस्तलिखिताचं पान उलटायचं, म्हणजे एकाच पानावर रोज उजेड पडत नाही. बाबा शेजारी उभे राहून बघतात आणि येईल त्याला सांगतात, माझ्या लेकीसारखा हात कुणाचा नाही. या कौतुकाने माझं वाटोळं केलं गं. त्यांचा हात आता कापतो, म्हणून पान उलटायला मीच. घरात कुणीतरी एकाने थांबायलाच हवं, म्हणून थांबणारीही मीच. तुझ्या लग्नाला मी सकाळी आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरले, ते तू अजून मनात धरून आहेस. धर. मीही धरून आहे.

नक्षत्रांचा ग्रंथ तुला आठवत असेलच. आपल्या घरात त्याच्याइतके लाड कुणाचे झाले नाहीत. सुट्या पानांना जास्त गिऱ्हाईक मिळतं म्हणून कुण्या व्यापाऱ्याने तो फाडला आणि पानं जगभर पांगली. बाबांनी अर्धं आयुष्य घालवून ती एकेक करून परत आणली. फक्त एक राहिलं होतं, ते माशाचं. आधीच्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, लेखनिकाने पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहून ठेवलाय, पानांचा क्रम चुकू नये म्हणून. तो शब्द 'माही', म्हणजे फारसीत मासा. तू लहानपणी शाळेच्या वहीत रंगीत खडूने मासा काढून ते पान बाबांच्या भिंगाखाली सरकवलं होतंस, आणि ते तुझ्याशी बरेच दिवस बोलले नव्हते. माझ्याशी मात्र बोलले होते. म्हणाले होते, माशाचं पान आलं की ग्रंथ पुरा झाला, मग सगळा संग्रह ग्रंथालयाला देऊन टाकतो आणि तू मोकळी. पुढे मला जे जे काही नाकारावं लागलं, ती शाळेतली नोकरी, सांगून आलेला तो चष्मेवाला, त्या प्रत्येक वेळी हेच म्हणाले. आणि मी वेडी, दर वेळी माशाची वाट बघत राहिले.

चिमे, ते पान आलं.

आपला तो जाडा पुस्तकविक्या घेऊन आला, पसंत पडलं तर ठेवा म्हणून. मासा इतका सुंदर आहे, काय सांगू! एकेक खवला सोन्याचा, आणि डोळा असा, की पाण्यातून बाहेर काढल्याचं त्याला आत्ताच कळलंय. पानाचा पहिला शब्द 'माही'. चौकटीचा निळा रंगही तोच. तरी मी म्हटलं, आपल्याला हवंय म्हणून दिसत असेल. मग ग्रंथ आणला. त्या जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या पानाला, समासात, कसरीने पाडलेलं भोक आहे, जरा तिरकं गेलेलं. मी मासा त्या दोन पानांमध्ये ठेवला, कडा जुळवल्या, खाली पांढरा कागद सरकवला. तिन्ही पानांतून तो पांढरा ठिपका आरपार दिसला. तेवढ्याशा ठिपक्याकडे बघून मला रडू फुटलं. जाडाही किंमत सांगायची विसरला, आणि तो किंमत विसरणं काय असतं ते तुला माहितीये.

बाबांनी भिंग लावून खूप वेळ पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून समासावरून बोट फिरवत आणलं. ते बोट भोकावर येऊन थांबलं. मी बघत होते, चिमे, नीट बघत होते. त्यांना कळलं होतं. आणि ते म्हणाले, अक्षर वेगळं आहे, नक्कल आहे, परत करून टाक.

मला इतका संताप आला की पेटीवर डोकं आपटावं. सगळं बोलून टाकायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? ते पानाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, हो बाबा, अक्षर वेगळंच आहे. जाडा माझ्याकडे बघतच राहिला. पान गुंडाळून निघून गेला बिचारा. बाबांची दया आली म्हणून मी तसं म्हटलं, असं तुला लिहिणार होते. पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू? मी घाबरले. दार उघडलं होतं आणि माझाच पाय उचलेना.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात अजून माणूस हवंय, वरची खोली माझ्यासाठी रिकामी ठेवलीयस, हे तू दर पत्रात लिहितेस आणि मी दर वेळी विषय बदलते. या वेळी तू समोर उभी राहून विचारशील आणि मी नाही म्हणेन. काय काय म्हणेन तेही सांगून ठेवते. बाबांची औषधं म्हणेन. शेजारची नर्सबाई दोन्ही वेळा यायला तयार आहे, मीच तिला विचारून ठेवलंय. पावसाळा म्हणेन, पेट्या कोण बघणार म्हणेन. बाबा संग्रह ज्याला देणार होते त्या ग्रंथालयाचा माणूस येऊन बघून जाईन म्हणतो, तुला फक्त त्याला हो म्हणायचंय. मग मी रडेन, मग तुझ्यावरच ओरडेन. यातलं काहीएक ऐकू नकोस. माझी बॅग कपाटाच्या खालच्या खणात आहे, ती उचल आणि चालायला लाग. हे पत्र मुद्दाम एवढ्यासाठीच लिहिलंय, तेव्हा ते बरोबर आण आणि दारात माझ्यासमोर धर. आणि हे अक्षर माझं नव्हेच असं मी म्हणाले, तरी बॅग सोडू नकोस. बाबांचीच लेक आहे मी, तेही म्हणायला कमी करणार नाही.

तुझीच,
ताई