चौकीला कुलूप

लखन,

तू, मी आणि शिरूरहून ऊसतोडीला जाणारी आपली सारी माणसं एकच गाऱ्हाणं करत आलो, बोलावलं तरी पोलीस येत नाही. सभांतून मीच ते ओरडून सांगितलं. आपल्या चौकीत पाच जण मंजूर होते. जो आला, तो बदली मागून गेला. एकटे शिनगारे जमादार राहिले.

मागच्या हंगामात टोळीचा ट्रक निघताना तूच त्यांना म्हणालास, "जमादार, माझी पोरगी अंजू म्हातारीपाशी हाय. तेवढं लक्ष ठेवा."

"बिनघोर जा बे," ते हसले. मग, म्हातारी सांगते, रोज संध्याकाळी त्यांची तिला दारातून हाक यायची, "दगडाबाई, पोरगी जेवली का?"

त्याच माणसानं मिरवणुकीतला डीजे बंद करायला सांगितला, म्हणून तू त्यांच्या डोक्यात लोखंडी पाईप घातलास. एकट्याला मारण्यात कसली मर्दुमकी? आता त्यांनीही बदली घेतली आणि चौकीला कुलूप लागलं. दिवाळीनंतर ट्रक निघतील. अंजूच्या दारात हाक कोण मारणार?

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, म्हणून हे माझ्यापाशीच ठेवते. उद्या तू जामिनावर सुटशील. पोरं हार घेऊन फाटकाशी येणार आहेत. मीही येईन आणि तुला तोंडावर सांगेन. मारणाऱ्याला हार घालणाऱ्या गावात दुसरा जमादार काहून येईल? तो हार गळ्यात पडू देऊ नकोस. कोर्टात उभा राहा आणि कबूल कर, "मी मारलं."

तुझी अक्का,
वनमाला