डावा गाल

बैरूत, ६ फेब्रुवारी २०२३

ती. इन्आमताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून लिहायला बसले. काल तुझ्याकडून निघताना आईने माझ्या हातात द्राक्षांच्या काकवीची बाटली कोंबली आणि म्हणाली, "लमिया, खा गं बाई." क्षयाने गेलेली आपली मावशी! दर खेपेला मला बघून तिच्यासाठी डोळे पुसते, आणि रंदा का येत नाही म्हणून मलाच विचारते.

गोबरे गाल नकोत म्हणून तरुणपणी आतली चरबी मीच काढून घेतली. चार वर्षं बरी दिसले. आता नुसते खड्डे उरलेत. इथले नवे डॉक्टर पोटाची चरबी गालात भरू म्हणतात. महिनाभर गालाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. थोडी जिरेल, पण चेहरा भरेल. आईला एकदा तरी मी ओळखू यायला हवी गं. तू हो म्हण.

तुझी माया अशीच राहो.
रंदा

झाहले, ११ फेब्रुवारी

चि. रंदास अनेक आशीर्वाद.

हो म्हणते, पण चिडून. तेव्हा नको नको म्हणून घसा कोरडा केला, ऐकलंस का माझं? ज्या पोटाला जन्मभर नावं ठेवलीस, तेच आता कामी येतंय बघ.

फार थांबू नकोस. आईचं खाणं तुटलंय. काल फादर येऊन तिच्या कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावून गेले. आणि गालाला महिनाभर कुणाचा हात लागता कामा नये म्हणतेस, तर इथल्या बायकांपासून जप. तीन-तीन मुके घेतल्याशिवाय त्या कुणाला दारातून आत सोडत नाहीत.

जिवाला जप.
तुझी ताई

बैरूत, १४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये भेटलो, पण गर्दीत हे सांगता आलं नाही. मी सुजलेलं तोंड घेऊन आले, त्या दुपारी तू कॉफी करायला आत गेली होतीस. आईने डोळे उघडले. "रंदा, किती उशीर केलास," म्हणाली, आणि लहानपणी धरायची तसा माझा डावा गाल चिमटीत धरला. तशीच झोपली. मला तिचा हात सोडवता आला असता. नाही सोडवला.

उजवा गाल छान भरलाय. डावा मात्र तिने धरला होता त्याच जागी परत आत बसला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडी चरबी भरली की दोन्ही सारखे होतील. मी नको म्हटलं. आरशासमोर रोज रडू येतं, पण बोट ठेवलं की ते बरोबर तिथे बसतं. तेवढं आईचं राहू दे.

आता मला तूच आहेस, विसरू नकोस.
तुझी रंदा