काशाची वाटी आणि धनराज सरांचा बत्ता

चि. धनराज यास,

(शाळेतली पोरं तुले धनराज सर म्हणतात हे मले माहीत आहे, पण मी तुही मोठी बहीण, तुहा शेंबूड याच हातानं पुसला आहे, म्हणून चिरंजीवच लिहिते.) तुह्या बाईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथी सारे खुशाल आहो, म्हणजे जेवून-खाऊन आहो. माह्या भावजयीची, पुनमची पाठ दुखत होती, ते थांबलं का? तू फोन उचलत नाई, त्यावरून तुहा हातच दुखत असन असं वाटते. म्हणून हे पत्र. आमच्या गावचा दसरू तुह्याकडं भद्रावतीले येऊन राह्यला, त्याच्या हाती पत्रासंगं एक पुडकं पाठवते. त्यात तीन तुकडे आहेत. तुले ओळख पटन.

तू दिवाळीच्या मंडईले, आमच्या गावच्या जत्रेले आला, आनंद झाला. माह्या सासूच्या, म्हणजे आमच्या आशाबाई बुढीच्या, तळपायाची आग होते हे साऱ्या गावाले माहीत आहे. मी रोज संध्याकाळी तूप लावून काशाच्या वाटीनं तिचे पाय चोळून देते. ती वाटी तिच्या मायनं तिले लग्नात दिली होती. पाय काळे झाले की बुढी म्हणते, निंगाली गर्मी, आन् झोपून जाते. इतके वर्ष कोणाचं काही अडलं नव्हतं. पण तू खाटेवर मांडी घालून सांगतलं की ती गर्मी नसतेच, तुपातल्या आम्लाची आन् वाटीतल्या तांब्याची ती रासायनिक क्रिया आहे. बुढीनं तुह्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. जसं काही इतके वर्ष मीच तिची गर्मी आतमंधी दाबून ठेवली होती.

तेवढ्यावर थांबला असता तर तो सर कसला. वाटीचं बूड जरासं चेपलेलं तुले दिसलं आन् धातूबंधावर तुहं व्याख्यान सुरू झालं. धातूतले इलेक्ट्रॉन म्हणे कोण्या एका अणूचे नसतात, साऱ्यायमधून मोकळे फिरतात, आन् तेच साऱ्यायले धरून ठेवतात. (कोणाचाच नसून दिवसभर मोकळा फिरणारा एक माणूस आमच्या घरी बी आहे, तुहे भाटवे, आमचे मालक. पण त्यायनं आजवर काही धरून ठेवल्याचं मले आठवत नाई.) म्हणून अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात पण सुटत नाई, म्हणून धातू ठोकला तर पसरतो, फुटत नाई, याले वर्धनीयता म्हणतात, असं म्हणत म्हणत तू खलातला बत्ता उचलला. बुढी म्हणाली, "राहू दे बापू, तशीच बरी आहे ते." तू म्हणाला, "मावशी, काळजी नका करू, विज्ञान आहे." आवाज मात्र मोठा गोड आला, देवळातल्या घंटीसारखा. एकच बार. मंग विज्ञानाचा एक तुकडा चुलीकडं गेला, एक खाटेखाली, आन् एक बुढीच्या मांडीवर येऊन पडला.

त्यावर तू जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाई. म्हणे, कासं हा मिश्रधातू आहे, तांब्यात इतकं कथिल मिसळलं की थर घसरत नाई, म्हणून ते कडक असते पण ठिसूळ असते. बापा, एवढी हुशारी बत्ता खाली यायच्या आधी निंगाली असती तर तुह्या शाळेचं काय गेलं असतं? रातच्या नाटकाची तिकिटं काढून ठेवली होती, तेही टाकून तू पेपर तपासाचे आहेत म्हणून पहिली एसटी पकडली. दिवाळीच्या सुट्टीत. पेपर.

मंग मी स्टीलची वाटी घेतली. चोळून चोळून माहं मनगट गेलं, पण पाय गोरे ते गोरेच. बुढी म्हणे, गर्मी आतच राह्यली. स्टीलवर गंज चढत नाई हे तू शिकवतं, पण त्यानं पायावर काळं बी चढत नाई हे सांगाचं राह्यलं. शेवटी मी वाटीच्या बुडाले तव्याची काजळी लावली. असे काळे पाय झाले की बुढी खुशीत झोपली. सकाळी पाहते तं खाटेपासून मोरीपर्यंत आन् मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत फरशीवर काळे पाय उमटलेले. बुढी ते पाहत उभी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तवापासून तिनं पिशवी भरून ठेवली आहे. पोरीकडं ब्रह्मपुरीले चालली, ते बी कायमची. गाव म्हणन सुनेनं हाकलून दिली. म्हणू दे. पण खरं सांगते, बुढीनं माह्या भाजीले नावं ठेवली नाई तर मले घास जात नाई. ती गेली तर हे घर मले खायले उठन.

बाकी धान कापून झालं, चुरणा-मळणी बाकी आहे. पुनमले आशीर्वाद सांग.

तुही कडक आन् ठिसूळ बाई,
अंजना

ता. क. आपल्या मायची काशाची वाटी तुह्या शोकेसमंधी आहे. पुनम त्यात केसाचे आकडे ठेवते. आकडे काढ आन् वाटी दसरूच्याच हाती पाठवून दे. हे सारं पत्र तेवढ्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरं. पुडकं बांधाले घेतलं तं तुकडे दोनच. सारं घर धुंडाळलं. तिसरा बुढीच्या चंचीत निंगाला, सुपारीसंगं. मांगतला तं म्हणे, "ते दोन ने. हा माह्या मायचा आहे." धनराज, वाटी दसरूच्या हाती पाठवू नको. तू सवता घेऊन ये, बुढीच्या पायाशी बस आन् चोळ. काळं दिसलं की म्हण, निंगाली गर्मी, मावशी. दुसरं काही बोलू नको. बत्ता मी शेजारी नेऊन ठेवला आहे.