चष्मा लावा

चि. घाईबुवा,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तुझी बायको म्हणते बरा आहे, तू म्हणतोस दुखतो. मी मधलं धरून चालले आहे. माझी तब्येत उत्तम, कारण तिच्याकडे बघायला मला वेळ नाही.

पत्रास कारण तुझा तक्रार अर्ज. तो माझ्यासमोर आहे. दचकू नकोस. सरकारने परदेशी कंपनीचा भाड्याचा प्रोग्राम सोडून सगळ्या कचेऱ्यांना आपला खुला प्रोग्राम दिला, त्यातल्या सूचना मराठीत आणायला माणसं हवी होती, आणि निवृत्त ग्रंथपालाला घरात कोणी गप्प बसू देत नाही (खरं म्हणजे मी कोणाला देत नाही), म्हणून मी त्या समितीत गेले. पहिल्याच बैठकीत एका विद्वानाने 'आर यू शुअर?'साठी 'आपण निश्चित आहात काय?' असं सुचवलं. मी म्हटलं, निश्चित असतो तर कचेरीत कशाला आलो असतो? तेव्हापासून सूचना मीच लिहिते.

आता तू आणि तुझ्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीतल्या अकरा जणांनी सही करून कळवलं आहे की यंत्र तुमचा अपमान करतं. 'रकाना रिकामा का ठेवलात?' यात अपमान कुठला? रिकामा होता म्हणून विचारलं. 'थांबा. एकदा दाबलेलं पुरे असतं.' हेही खरंच आहे. तिसऱ्यांदा पासवर्ड चुकला की 'चष्मा लावा' असं येतं, ते तुला विशेष झोंबलेलं दिसतं. ते कोणा एकाला उद्देशून नाही. शिवाय तू लिहितोस, 'सदर भाषांतर करणाऱ्या इसमास माणसांशी बोलण्याची सवय नसावी.' अरे, एकतीस वर्षं मी कॉलेजच्या वाचनालयात माणसांशीच बोलले (बहुतेक वेळा 'शांतता' एवढंच, पण बोलले).

तक्रारीच्या शेवटी तुम्ही जुना प्रोग्राम परत मागितला आहे. इथे मात्र मला राग आला. गेल्या वर्षी त्या कंपनीने आपल्या अटी बदलल्या आणि नऊ दिवस तुमची एकही नोंद उघडेना, हे विसरलास? तान्हं बाळ कडेवर घेऊन एक बाप तुझ्या खिडकीशी रोज येत होता. बाळाच्या उपचारासाठी त्याला दाखला हवा होता. दाखला तुमच्याच कपाटातला, पण किल्ली साता समुद्रापलीकडे. नवव्या दिवशी तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता. 'ताई, आपल्याच पोराचा जन्म झाला हे सांगायला परक्यांची परवानगी लागते गं,' असं म्हणालास. मी समितीत गेले ती त्या फोनमुळे. तुला हे सांगणार नव्हते.

नव्या प्रोग्रामची किल्ली आपल्याकडे आहे. कोणीही उघडून बघावं, चुकलं असेल तर सुधारावं. तुझी तक्रार गुरुवारी बैठकीत येते. बारा सह्यांच्या जोरावर तुमची कचेरी जुन्या प्रोग्रामकडे फिरली की बाकीच्या कचेऱ्याही फिरायला तयारच बसल्या आहेत.

सगळ्यांना माझा नमस्कार. अकरा जणांना नाही.

तुझी,
ताई

ता. क. — तक्रार मागे घे. हेच सांगायचं होतं, बाकीचं ओघात आलं. शब्द मऊ हवे असतील तर तूच बदलून पाठव, तुलाही तेवढाच अधिकार आहे. 'कृपया' घातलंस तर मी खोडणार नाही. फार ठिकाणी मात्र घालू नकोस.

दुसरा ता. क. — 'चष्मा लावा' हे तुला उद्देशूनच आहे. तो कपाळावर असतो.

तिसरा ता. क. — तक्रारीतल्या तुमच्या यादीत सतरा सूचना आहेत, यंत्र बंद करतानाची अठरावी नाही. म्हणजे बारा जणांत एकानेही यंत्र आजवर नीट बंद केलेलं नाही, थेट प्लग ओढून मोकळे होता (तू तर लहानपणी रेडिओही तसाच बंद करायचास). गुरुवारच्या आत एकदा रीतसर बंद करून बघ. 'झालं तेवढं पुरे. आता घरी जा, वेळेवर जेव,' असं येईल. बाकी सगळीकडे अहो-जाहो आणि इथेच अरे-तुरे, ही चूक असल्याचं समितीने मला दोनदा लेखी कळवलं आहे. मी ती सुधारलेली नाही.